जामिनावरचे रविवार

अंबरीश जामिनावर सुटला आणि थोड्याच दिवसांत, एका रविवारी सकाळी, अनन्याला घेऊन पेणला सासूसासऱ्यांच्या दारात उभा राहिला.

दार वत्सलाबाईंनी उघडलं. जावयाकडे त्यांचं आधी लक्षच गेलं नाही. त्यांना दिसली ती फक्त नात. दीड वर्षात ती बरीच उंच झाली होती. केस कापून खांद्यापर्यंत आणले होते. पाठीवर छोटी सॅक होती आणि ती आजीकडे अशी बघत होती, जशी मुलं फोटोतल्या माणसाकडे बघतात.

"ओळखलंस का गं?" वत्सलाबाईंनी विचारलं.

अनन्यानं बापाकडे पाहिलं. तो म्हणाला, "आजी आहे ना? जा."

मग ती आत आली. आली आणि सरळ स्वयंपाकघराच्या दिशेनं वळली, कारण पाय त्या घराला विसरले नव्हते.

शरदराव आतल्या खोलीत पेपर वाचत होते. बाहेरचा आवाज ऐकून ते आले आणि अंबरीशला बघून जागीच थांबले. हाच माणूस. याच्याच विरुद्ध त्यांनी रोह्याच्या पोलीस ठाण्यात स्वतःच्या सहीनं फिर्याद दिली होती. आपल्या मुलीचा, ऋजुताचा, यानं खून केला, असं त्या फिर्यादीत म्हटलं होतं.

"तू इथं कसा?" ते म्हणाले.

"अनन्याला तुमची आठवण येते, बाबा," अंबरीश म्हणाला. "तिचं काय चुकलंय? मी खाली गाडीत बसतो. संध्याकाळी घेऊन जाईन."

आणि तो खरंच खाली जाऊन बसला.

ऋजुताचं लग्न रोह्यात झालं होतं. अंबरीशचं तिथं औषधांचं दुकान होतं, ती एका शाळेत शिकवायची. दोघांचं पटत नव्हतं हे पेणला कळत होतं, पण किती पटत नव्हतं ते कळलं नव्हतं. एका दुपारी तिचा आईला फोन आला. "आई, बाबांना पाठव. माझे आणि अनन्याचे कपडे भरून ठेवलेत. हा मला बाहेर पडू देत नाहीये." एवढंच बोलून फोन बंद झाला. शरदराव मिळेल त्या गाडीनं रोह्याला पोचले तेव्हा घरासमोर पोलीस होते. सासरच्यांचं म्हणणं, तिनं गळफास घेतला. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनी मात्र लिहिलं होतं की गळ्यावरच्या खुणा फासाच्या वाटत नाहीत, कुणीतरी गळा आवळल्याच्या वाटतात.

अंबरीशला अटक झाली. अनन्या तेव्हा साडेचार वर्षांची होती आणि ती रोह्यातच, त्याच्या आईकडे राहिली. विहीणबाईंनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "माझ्या मुलाला आत घातलंत, आता नातीचं तोंड बघायला येऊ नका." शरदरावांनी मुलीचा ताबा मिळावा म्हणून अर्ज केला. तो तारखांमध्ये अडकला. मग ते अधूनमधून पेणहून रोह्याची गाडी पकडायचे आणि अनन्याच्या शाळेसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात उभे राहायचे. शाळा सुटली की दप्तरांच्या गर्दीतून ती रिक्षात बसायची. तेवढं बघून ते परत यायचे. घरी आल्यावर वत्सलाबाई विचारायच्या, "कुठले बूट होते? नवे की तेच? हसत होती का?" शरदरावांना बुटांचं कधी सांगता येत नसे. मग वत्सलाबाई चिडायच्या आणि चिडता चिडता रडायच्या.

अशातच सत्र न्यायालयानं अंबरीशला जामीन दिला. अटी तीन: पोलीस ठाण्यात हजेरी लावायची, जिल्हा सोडायचा नाही आणि कुठल्याही साक्षीदाराशी स्वतः किंवा दुसऱ्यामार्फत संपर्क करायचा नाही.

या जामिनाविरुद्ध उच्च न्यायालयात जायचं शरदरावांनी ठरवलं. त्यांची वकील मृणाली मूळची पेणचीच, शरदरावांच्या हाताखाली गणित शिकलेली. आता मुंबईत उच्च न्यायालयात वकिली करत होती.

"काका, एक आधीच सांगते," ती म्हणाली होती. "जामीन मिळू न देणं सोपं असतं. मिळालेला काढून घेणं अवघड. माणूस एकदा मोकळा झाला की वरचं कोर्ट उगाच त्याला आत टाकत नाही. आपल्याला दोनच वाटा. एक, खालच्या कोर्टानं समोर असलेला पुरावा पाहिलाच नाही, हे दाखवायचं. तो डॉक्टरांचा अहवाल. आदेशात त्याचं नावसुद्धा नाही. ते मी मांडतेच. दुसरी वाट म्हणजे सुटल्यावर त्यानं काही गडबड केली तर. साक्षीदारांना गाठलं, धमकावलं, फूस लावली. तसं काही झालं तर मला लगेच फोन करा."

अर्ज दाखल होऊन तारखेची वाट बघणं चालू असतानाच तो पहिला रविवार उगवला.

संध्याकाळी अनन्या गेल्यावर शरदराव बराच वेळ फोन हातात धरून बसले. मृणालीचा नंबर त्यांनी काढला होता.

वत्सलाबाई म्हणाल्या, "काय सांगणार? नातीला भेटवलं, हे?"

"आपण दोघंही साक्षीदार आहोत, वत्सला. त्यानं आपल्या दारात यायचंच नाही."

"तो खाली बसला होता दिवसभर. आपल्याशी बोललाय तरी कुठं?"

शरदरावांनी फोन ठेवला. खरं तर कुणीतरी तो ठेवायला सांगावं, हेच त्यांना हवं होतं.

पुढच्या रविवारी अनन्या आली. त्याच्या पुढच्याही. आठवडा तिच्याभोवती फिरू लागला. शुक्रवारी वत्सलाबाई बाजारातून कोलंबी आणायची का सुरमई याचा विचार करायच्या, शनिवारी कपाट उघडून ऋजुताचे लहानपणचे फ्रॉक काढून बघायच्या आणि परत ठेवून द्यायच्या. अनन्या पहिले दोन रविवार गप्प गप्पच होती. तिसऱ्या रविवारी आजोबांनी तिला गल्लीतल्या गणपतीच्या कारखान्यात नेलं. तिथल्या कारागिरानं तिला शाडूचा गोळा दिला. ती तासभर उंदीर करत बसली आणि घरी येताना आजोबांचं बोट धरून सतत बोलत राहिली. शरदराव कित्येक महिन्यांनी मोठ्यानं हसले ते त्या दिवशी.

दुपारी ती आजीजवळ झोपायची. झोपेत तिचा हात वत्सलाबाईंच्या पदराकडे जायचा आणि ती पदर मुठीत धरून ठेवायची. ऋजुता असंच करायची. वत्सलाबाई हलायच्या नाहीत. हात बधिर व्हायचा, तरी हलायच्या नाहीत.

अंबरीश हळूहळू खालून वर आला. आधी पाणी प्यायला, मग चहाला. मग एकदा जेवायला थांबला. वत्सलाबाईंनी त्याला वाढलं. वाढताना त्यांच्या मनात काय चाललं होतं ते त्यांनी नवऱ्यालाही सांगितलं नाही. तो चांगलं बोलायचा, कमी बोलायचा, ताट स्वतः उचलून ठेवायचा. मोरीत हात धुवायला वाकलेली त्याची पाठ बघून वत्सलाबाईंना वाटायचं, याच हातांनी. आणि लगेच आतून अनन्याची हाक यायची, "आजी, माझी रिबीन सुटली!"

शेवटी एके दिवशी, अनन्या झोपलेली असताना, तो बोलला.

"आई, एक विचारू? तो शेवटचा फोन... कोर्टात तुम्हाला त्याबद्दल विचारतील."

वत्सलाबाई हातातली ताटली पुसत राहिल्या.

"खूप दिवस झाले. माणसाला शब्दन् शब्द थोडाच आठवतो? ती त्या काळात उदास असायची, हे तुम्हालाही माहीत आहे. तेवढंच सांगायचं. बाकी आठवत नाही म्हणायचं."

"आणि तसं म्हटलं तर?"

"तर अनन्या तुमचीच आहे. दर रविवारी येईल. मे महिन्यात राहायलाही पाठवीन. गणपतीत आणीन."

"आणि नाही म्हटलं तर?"

अंबरीशनं आतल्या खोलीकडे पाहिलं. पोरगी पलंगावर आडवीतिडवी झोपली होती. "माझ्या आईला मी किती दिवस समजावणार?" तो म्हणाला. आवाज जराही चढला नाही.

तो गेल्यावर वत्सलाबाईंनी सगळं शरदरावांना सांगितलं. त्यांना वाटलं होतं, ते ताडकन उठतील, मृणालीला फोन लावतील. ते उठले नाहीत.

"त्यानं नुसतं म्हटलंय," ते म्हणाले. "आपण कुठं हो म्हटलंय? खटला उभा राहायला अजून वेळ आहे. तोवर पोर येतेय तर येऊ दे."

"आणि खटला उभा राहिल्यावर?"

"तेव्हा खरं ते सांगू."

"म्हणजे तोवर त्याला वाटू द्यायचं की आपण त्याचं ऐकणार?"

शरदराव खिडकीशी जाऊन उभे राहिले. "माझी मुलगी गेली," ते म्हणाले. "आता हीसुद्धा जाऊ दे म्हणतेस का तू?"

वत्सलाबाईंनाही पोर हवीच होती. सोमवारपासून त्या पुन्हा रविवारची वाट बघू लागल्या.

नंतरच्या एका रविवारी वत्सलाबाईंनी वालाच्या बिरड्याचा घाट घातला होता. मोड आलेले वाल कोमट पाण्यात घालून त्या जमिनीवर बसल्या आणि अनन्याला शेजारी घेतलं. वाल दोन बोटांत धरून दाबला की सालीतून सटकन बाहेर उडतो, याची अनन्याला फार गंमत वाटायची. सोललेल्या वालाची एक डाळिंबी उडून कपाटाखाली गेली. ती खिदळली. शरदराव अंबरीशबरोबर खाली गेले होते, गाडीच्या कुठल्याशा चाकाचं बघायला.

"आजी," अनन्या सोलता सोलता म्हणाली, "मी झोपले होते ना?"

"कधी गं?"

"आई गेली तेव्हा."

वत्सलाबाईंचा हात पाण्यातच राहिला.

"कोर्टातल्या बाई मला विचारतील. मग मी म्हणायचं, मी झोपले होते, मला काही माहीत नाही. बाबा रोज विचारतो. बरोबर सांगितलं की कॅडबरी देतो. मी आता चुकत नाही." तिनं आणखी एक वाल दाबला. तो नीट बाहेर आला. "आधी मी चुकायचे. मी म्हणायचे, मी पलंगाखाली होते. तसं नाही म्हणायचं."

वत्सलाबाईंच्या तोंडापर्यंत प्रश्न आला. पलंगाखालून काय दिसलं? कुणाचा आवाज होता? एक शब्द विचारला असता तर पोरीनं सगळं सांगितलं असतं, असं त्यांना वाटलं. पण त्यांनी विचारलं नाही. बाप हिला रोज विचारतो, आता आपणही विचारायचं, आणि हिनं दोघांना दोन उत्तरं पाठ म्हणून दाखवायची? सहा वर्षांचं मूल. त्यांनी ओल्या हातानंच तिला जवळ ओढलं.

"आजी, पाणी लागतंय!"

"लागू दे," त्या म्हणाल्या.

त्या दिवशी बिरडं झालं, जेवणं झाली, अंबरीशनं दोनदा आमटी मागून घेतली. संध्याकाळी गाडी निघाली तेव्हा अनन्यानं काचेतून हात हलवला. वत्सलाबाई गाडी वळेपर्यंत उभ्या राहिल्या आणि वर येऊन नवऱ्याला म्हणाल्या, "मृणालीला फोन लावा. तुम्ही नाही लावलात तर मी लावते."

त्यांनी सगळं सांगितलं. शरदरावांनी ऐकलं आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मग फोन त्यांनीच लावला.

मृणाली दुसऱ्याच दिवशी पेणला आली. तिनं आधी बरंच ऐकून घेतलं.

"तुम्ही तिला काही विचारलंत, काकू? त्या दिवसाबद्दल?"

"नाही."

"बरं केलंत. तिचं काय करायचं ते सरकारी वकील आणि कोर्ट बघतील, तज्ज्ञ माणसं असतात त्यासाठी." मृणालीनं वही उघडली. "पण एक आहे. तो म्हणेल, यांनीच बोलावलं. कोर्ट विचारेल, चार महिने गप्प का बसलात? ते आपण लपवायचं नाही. तुम्ही प्रतिज्ञापत्रात स्वतःच लिहायचं की दार तुम्ही उघडलंत, आणि का उघडलंत."

"लिहू," वत्सलाबाई म्हणाल्या.

"आणि येत्या रविवारी दार उघडायचं नाही. आता उघडलंत तर आपलंच म्हणणं खोटं पडेल."

वत्सलाबाईंनी विचारलं, "कागद सोमवारी दिले तर? एक रविवार..."

"काकू," मृणाली म्हणाली.

रविवारी घरात थांबणं शक्य नव्हतं. बाहेरून अनन्याची हाक आली असती तर वत्सलाबाईंच्या हातांनी कडी काढलीच असती. म्हणून सकाळीच दोघं एसटीनं निघाली आणि वडखळच्या पुढे गडब गावात उतरली. तिथं इंदुबाईचं माहेर होतं. इंदुबाई रोह्याला ऋजुताकडे घरकामाला असायची. तीही खटल्यात साक्षीदार होती. त्या दुपारी भांडी घासताना तिनं आतला आरडाओरडा ऐकला होता. ती रोहा सोडून माहेरी राहायला आली आहे, एवढंच मृणालीला कळलं होतं.

एसटीत असतानाच शरदरावांचा फोन वाजायला लागला. पडद्यावर अंबरीशचं नाव होतं. फोन वाजून थांबला, परत वाजला. वत्सलाबाई खिडकीबाहेर बघत होत्या. दूरवर खाडीचं पाणी चमकत होतं. त्यांच्या डोळ्यांपुढे मात्र बंद दार होतं आणि दाराबाहेर दोन छोटे बूट होते.

इंदुबाई अंगणात जवळ्याची बारीक कोलंबी वाळत घालत होती. दोघांना बघून तिनं हात पुसले आणि खाट ओढली. सुरुवातीला ती बोलायला तयार नव्हती.

"मना नको त्यात ओढू, वयनी," ती म्हणाली. "मी कोर्टात येनार नाय."

"आम्ही ओढायला आलो नाही गं," वत्सलाबाई म्हणाल्या. "माझ्याकडे आला होता तो. चार महिने येत होता. म्हणून विचारते, तुझ्याकडेपण आला होता का?"

इंदुबाईनं घराकडे पाहिलं. आत तिचा नवरा जगन बसला होता. तोच बाहेर आला.

"आलता," जगन म्हणाला. "आमच्या खोलीवर आलता. गोडच बोलला. मी कंपनीत ठेक्यावर होतो, ठेकेदार त्याच्या वळखीचा. बोलला, बायकोला सांग, भांड्यांच्या आवाजात काय ऐकू येत नाय. मी बोललो, ती काय खोटं सांगनार नाय. पुढच्या हप्त्यात माझी शिफ्ट बंद. ठेकेदार बोलला, आता कामच नाय. बाकी सगल्यांना काम हाय, मनाच नाय."

"मंग कशाला राहायचं तिकडं?" इंदुबाई म्हणाली. "पोरं घेतली नि आलो." आणि मग एकदम तिचा आवाज बदलला. "ताय लय चांगली होती हो. माझ्या प्रतिक्षाला अभ्यासाला बसवायची. मना तिचा तो आवाज अजून येतो कानात. पन मना भ्या वाटतं, वयनी."

वत्सलाबाईंनी तिचा हात धरला. हाताला जवळ्याचा वास होता, गारवा होता. त्यांनी तिला साक्षीला ये म्हणून गळ घातली नाही. त्यांनी अनन्याबद्दल सांगितलं, वाल सोलता सोलता ती काय बोलली ते. सांगताना त्या रडल्या नाहीत, पण इंदुबाई रडली.

"त्या एवढ्याशा पोरीला पढवतो?" ती म्हणाली. "व्हय काय?" जगनकडे वळून म्हणाली, "आपन सांगू. शिफ्ट गेलीच हाय, आनखी काय जानार?"

मग जगन म्हणाला, "कागद कुठं करायचा ते सांगा."

त्या संध्याकाळी पेणला परत आल्यावर समोरच्या बिऱ्हाडातली मनाली दारात भेटली. "काकू, कुठं गेला होतात? अनन्या आली होती. पायरीवर बसून होती किती वेळ. मी तिला बिस्किटं दिली, आत ये म्हटलं, तर नको म्हणाली. आजी येईलच, म्हणाली." वत्सलाबाईंनी ऐकून घेतलं, कुलूप उघडलं, आत गेल्या आणि लुगड्यांच्या कपाटाला डोकं टेकून उभ्या राहिल्या. शरदराव मागे येऊन उभे राहिले. दोघांपैकी कुणी दिवा लावला नाही.

कागद दाखल झाले, त्यांची प्रत अंबरीशच्या वकिलाला मिळाली आणि रविवार बंद झाले.

उच्च न्यायालयात सुनावणीच्या दिवशी दोघं मागच्या बाकावर बसली होती. अंबरीशही आला होता. त्यानं त्यांच्याकडे पाहिलं नाही. त्याचा वकील चांगला बोलत होता. "माझ्या अशिलानं काय केलं? मुलीला तिच्या आजीआजोबांना भेटवलं. याला साक्षीदार फोडणं म्हणायचं? आणि इतकंच वाटत होतं तर यांनी चार महिने दार का उघडलं? जेवायला का वाढलं? दिलेला जामीन असा काढून घ्यायचा नसतो. माणूस अजून दोषी ठरलेला नाही."

न्यायमूर्तींनी मृणालीकडे पाहिलं. "याचं काय?"

"दार उघडलं, हे माझ्या अशिलांनी स्वतःच प्रतिज्ञापत्रात सांगितलं आहे," मृणाली म्हणाली. "ज्या मुलीला दीड वर्ष भेटू दिलं नव्हतं तिला घेऊन तो दारात उभा राहिला. त्यांना ते दार लावता आलं नाही. हे आरोपीला नेमकं माहीत होतं, म्हणूनच तो आला. त्याच महिन्यांत त्यानं इंदुबाईच्या नवऱ्यालाही गाठलं. तिथं न्यायला नात नव्हती, म्हणून शिफ्ट काढून घेतली. आणि मुलीला काय पढवलं जातंय ते पान सातवर आहे."

न्यायमूर्तींनी पान सात वाचलं. मग मागे जाऊन डॉक्टरांचा अहवाल वाचला. कोर्टात पंख्याचा आवाज येत होता. वत्सलाबाईंनी शरदरावांची बाही धरली होती.

आदेश त्याच दिवशी झाला. न्यायमूर्ती म्हणाले, आरोपी दोषी आहे की नाही हे इथं ठरवायचं नाही, ते खटल्यात ठरेल. एकदा दिलेली मोकळीक सहजासहजी काढून घेता येत नाही, हेही खरं. पण खालच्या न्यायालयानं गळ्यावरच्या खुणांबद्दलचा अहवाल विचारातच घेतला नाही आणि का घेतला नाही हेही सांगितलं नाही, तेव्हा तो आदेश मुळातच टिकणारा नाही. शिवाय मिळालेल्या मोकळिकीचा उपयोग आरोपीनं साक्षीदारांना गाठण्यासाठी केला, त्यात स्वतःच्या लहान मुलीलाही सोडलं नाही. तो बाहेर राहिला तर खटला नीट चालेल असं वाटत नाही. जामीन रद्द. दोन आठवड्यांत हजर व्हावं.

बाहेर आल्यावर मृणालीनं वत्सलाबाईंना मिठी मारली. "जिंकलो आपण, काकू."

"हो," वत्सलाबाई म्हणाल्या. त्यांना पायरीवर बिस्किट खात बसलेली अनन्या दिसत होती.

अंबरीश मुदतीच्या आत हजर झाला. अनन्या विहीणबाईंकडेच राहिली. ताब्याच्या अर्जाचा निकाल व्हायचाच होता, पण मधल्या काळासाठी तो अर्ज ऐकणाऱ्या रोह्याच्या न्यायाधीशांनी महिन्यातून एकदा, कोर्टाच्याच एका खोलीत, आजीआजोबांना नातीला भेटू द्यावं असा आदेश दिला. मुलीच्या मनावर दडपण येऊ नये म्हणून एका समुपदेशक बाईंचीही नेमणूक केली. पढवलेली उत्तरं तिनं विसरावीत, की तिच्या तोंडून खरं यावं, की कोर्टानं तिला काही विचारूच नये, यातलं काय होईल हे कुणाला सांगता येत नव्हतं. आपल्याला यातलं काय हवंय, हे वत्सलाबाईंनाही सांगता आलं नसतं.

पहिल्या भेटीला अनन्या खोलीच्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसली. विहीणबाई दाराबाहेर होत्या. वत्सलाबाईंनी डब्यात रव्याचे लाडू नेले होते. अनन्यानं डब्याकडे पाहिलंही नाही.

"तू त्या दिवशी घरी नव्हतीस," ती म्हणाली. "मी बेल वाजवली. खूप वेळा."

"हो, राणी. नव्हते."

"आणि तू बाबाला परत आत पाठवलंस. रोह्याची आज्जी म्हणाली."

शरदराव पुढे झाले, पण वत्सलाबाईंनी त्यांना हातानं थांबवलं.

"कोर्टानं पाठवलं," त्या म्हणाल्या. "पण कोर्टाला मी सांगितलं होतं. हो, मी सांगितलं."

अनन्या त्यांच्याकडे बघत राहिली. रडली नाही, जवळही आली नाही. समुपदेशक बाईंनी रंगीत खडू काढून दिले तेव्हा ती चित्र काढत बसली. वेळ संपली तेव्हा उठली, चप्पल घातली आणि दाराशी जाऊन वळून म्हणाली, "माझा दात पडला, बघ." तोंड उघडून दाखवलं. आणि गेली.

परतीच्या गाडीत लाडवांचा डबा तसाच बंद वत्सलाबाईंच्या मांडीवर होता. रोहा मागे पडलं.

"खालचा की वरचा हो?" मग वत्सलाबाईंनी विचारलं.

"काय?"

"दात."

"खालचा," शरदराव म्हणाले. "समोरचा. डावीकडचा." या वेळी त्यांनी नीट पाहिलं होतं.

"बूट नव्हते आज. चप्पल होती."

"निळी."

"पट्टा सैल होता. नवीन असणार. एक माप मोठीच घेतलीय." वत्सलाबाई थोड्या पुढे सरकून बसल्या. "आणि चित्रात काय काढत होती, तुम्ही बघितलंत?"

"घर काढलं होतं. आणि बाजूला झाड."

"कसलं झाड?"

"नारळाचं असेल. की सुपारीचं, कळलं नाही मला."

"पुढच्या वेळी नीट बघा," त्या म्हणाल्या, आणि पेण येईपर्यंत दोघं तिच्याबद्दलच बोलत राहिली.